तिनं लिहिलेली पत्रं कुठं गेली?

"जास्त बडबड केलीस तर नागपूरला नेऊन टाकीन!"

आपल्या भागात हे वाक्य कधीच कानावर पडलं नाही अशी बाई शोधूनही सापडायची नाही. पुण्याकडे याच जागी येरवडा म्हणतात, मुंबईकडे ठाणं आणि कोकणात रत्नागिरी. या चार गावांत सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ती तिथं आहेत म्हणून चारही गावांची नावं थट्टेत, भांडणात आणि धमकीत सारखीच वापरली जातात. पुरुषांनाही म्हणतात, नाही असं नाही. पण पुरुषाला म्हणतात तेव्हा बहुधा चारचौघांत हशा होतो. बाईला म्हणतात ते चार भिंतींच्या आत, आणि तिथं कुणी हसत नाही.

या वाक्याची आठवण व्हायचं कारण मात्र जरा वेगळं आहे. ते कारण म्हणजे चक्क एक व्हिडिओ गेम!

दचकू नका. गेम म्हटलं की आपल्यापुढे काय येतं? मोबाइलमध्ये मान घालून बसलेली पोरं, धाडधाड गोळ्या आणि जेवायला दहा हाका. माझंही मत काही फार चांगलं नव्हतं. पण पुस्तकासारखी, सिनेमासारखी गोष्ट सांगणारेही गेम असतात. त्यात मारामारी नसते, गुण नसतात, हरणं-जिंकणं नसतं. आपण फक्त एका जागेत फिरायचं, वस्तू उचलून बघायच्या, कागद वाचायचे. तसं फिरता फिरता कुणाची तरी गोष्ट आपल्याला कळत जाते.

'द टाउन ऑफ लाइट' हा असाच एक गेम. इटलीतल्या 'एलकेए' नावाच्या छोट्या कंपनीनं तो २०१६ साली काढला. नावाचा अर्थ प्रकाशाचं गाव, आणि आत आहे सगळा अंधार. इटलीच्या टस्कनी भागात वोल्तेर्रा नावाचं डोंगरावरचं जुनं गाव आहे. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं. एका काळी हजारो माणसं तिथं कोंडलेली होती. १९७८ नंतर ते बंद पडलं. पोपडे उडालेल्या भिंती, फुटक्या काचा, गंजलेल्या खाटा, अशा अवस्थेत त्या इमारती उरल्या. गेम बनवणाऱ्यांनी त्या जागेवर जाऊन, तिथली जुनी कागदपत्रं अभ्यासून ती इमारत जशीच्या तशी संगणकावर उभी केली. आणि तिच्यात आणली रेने.

रेने सोळा वर्षांची. १९३८ साली तिला तिथं भरती करतात. ही मुलगी काल्पनिक आहे, पण अशा अनेक मुलींच्या नोंदींवरून ती घडवलेली आहे. आपण आजच्या ओसाड इमारतीत बॅटरी घेऊन फिरतो आणि कानात रेनेचा आवाज येत राहतो. एके ठिकाणी तिची बाहुली सापडते. ती चाकांच्या खुर्चीत बसवून आपण ढकलत नेतो. पुढे खोल्या येतात, आंघोळीच्या टाक्या, बांधून ठेवायच्या खाटा, डॉक्टरांच्या नोंदी. रेनेला काय झालं होतं, तिच्यावर कुणी काय केलं, ते तुकड्यातुकड्यानं उलगडतं. तिच्यावर अत्याचार होतो. शेवटी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली जाते. हा लहान मुलांनी खेळायचा गेम नव्हे, हे आताच सांगून ठेवते. ज्यांना गेम खेळता येत नाही पण बघायचं आहे, त्यांच्यासाठी यूट्यूबवर कुणीतरी खेळताना रेकॉर्ड केलेला तो अख्खा बघायला मिळतो. मन घट्ट करून, दिवसाउजेडी बघावा.

आता कुणी म्हणेल, वेड्यांच्या दुःखाचा खेळ करायचा, हे शोभतं का? प्रश्न बरोबर आहे. पण मला वाटतं, दुःखाचा तमाशा आपण आधीपासूनच करत आलोय. वेड्यांचं इस्पितळ म्हटलं की हिंदी सिनेमात एक तर कॉमेडी, नाही तर भूत. डोक्यावर टोपलं घातलेला, स्वतःला नेपोलियन समजणारा कुणीतरी, आणि 'शॉक द्या रे याला!' म्हणणारा डॉक्टर. आपण पोट धरून हसतो. ज्याला शॉक देतात त्याच्या जागी आपण कधी नसतो. या गेममध्ये मात्र दुसरी जागाच नाही. आपण रेने. दार बंद होतं ते आपल्यावर. एवढ्या एका गोष्टीसाठी मला हा गेम खेळ वाटत नाही.

बघणाऱ्यांना यात सगळ्यात भयंकर काय वाटत असेल? विजेचा शॉक, बहुतेकजणी म्हणतील. (त्याचा शोधही इटलीतलाच, रोममधला, आणि सालही तेच १९३८.) किंवा शेवटची ती शस्त्रक्रिया. मला मात्र एक साधी गोष्ट जिवाला लागली आणि ती गेमच्या बाहेरची, खरी घडलेली आहे.

वोल्तेर्राच्या इस्पितळातली माणसं घरी पत्रं लिहीत. आईला, नवऱ्याला, मुलांना. मला घ्यायला या, मी आता बरी आहे, पोरं कशी आहेत... माणूस घरी दुसरं काय लिहिणार? पण ती पत्रं टपालात पडलीच नाहीत. इस्पितळानं ती उघडली, वाचली आणि रुग्णाच्या फाइलला लावून ठेवली. पत्र हे आजाराचं लक्षण, म्हणून नोंदीसोबत जपलेलं! लिहिणारी वाट बघत राहिली. घरच्यांना वाटलं, तिला आपली आठवणच नाही. किती वर्षांनी त्या फाइली उघडल्या गेल्या आणि १९७८ साली त्या पत्रांचं पुस्तक निघालं. इटालियन भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ 'नाकारलेला पत्रव्यवहार' असा आहे.

याच इस्पितळात फर्नांदो ओरेस्ते नान्नेत्ती नावाचा एक माणूस होता. त्यानं कागदाचा नादच सोडला. अंगातल्या बंडीच्या बक्कलनं तो अंगणाच्या भिंतीवर कोरून लिहीत बसे. वर्षानुवर्षं. ती भिंत त्याच्या अक्षरांनी भरून गेली. आज जगभरातले लोक ती भिंत म्हणजे मोठी कला म्हणून तिचा अभ्यास करतात. तो जिवंत असताना कुणी वाचायला आलं असतं तर?

बरं, या इस्पितळात माणसं येत कशी? इटलीचा तेव्हाचा कायदा १९०४ सालचा. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल त्याला भरती करा, असं तो म्हणायचा. इथवर ठीक. पण पुढे आणखी एक कारण होतं: ज्याच्यामुळे लोकांत बभ्रा होईल असा माणूस. म्हणजे लोक काय म्हणतील, हे सरळ कायद्यातच लिहून ठेवलेलं! आणि ज्या काळात चांगली बाई म्हणजे मुकाट घर सांभाळणारी, पोरं जन्माला घालणारी बाई, त्या काळात बभ्रा होणारी बाई कोण असणार? उलट बोलणारी, घरात न थांबणारी, कुणावर जीव जडलेली, बाळंतपणानंतर पोराला जवळ न घेणारी. मुसोलिनीच्या राजवटीत अशा कितीतरी बायका इस्पितळांत पोचल्या, हे तिथल्या इतिहासकारांनी नोंदींवरून दाखवून दिलं आहे.

इटलीनं पुढं एक मोठं काम केलं, तेही सांगायला हवं. फ्रांको बासालिया नावाच्या डॉक्टरनं साठच्या दशकात आधी गोरित्सिया आणि मग सत्तरच्या दशकात त्रिएस्ते या गावांतली इस्पितळं आतून उघडायला सुरुवात केली. कुलपं काढली, रुग्णांच्या सभा घेतल्या. १९७३ साली त्रिएस्तेच्या रुग्णांनी आणि कलाकारांनी मिळून निळ्या रंगाचा एक प्रचंड घोडा बनवला आणि तो गावातून मिरवत नेला. घोडा इतका उंच की इस्पितळाच्या फाटकातून बाहेर निघेना, म्हणून फाटकच तोडावं लागलं. १९७८ च्या मे महिन्यात तिथं कायदा झाला: नवीन वेड्यांची इस्पितळं बांधायची नाहीत, जुनी हळूहळू मिटवायची, उपचार गावात, वस्तीत द्यायचे. हे सगळं एका रात्रीत झालं नाही, पुढं वीसेक वर्षं गेली. घरच्यांवर भार पडला, अशी टीकाही झाली. पण फाटक तुटलं ते तुटलं.

आता आपल्याकडे येऊ. असा गेम आपल्या भागातल्या बाईवर काढायचा झाला तर त्याची सुरुवात कुठून करावी? नागपूरच्या मनोरुग्णालयाच्या दारापासून? मला नाही वाटत. तिथवर ती पोचते तेव्हा अर्धीअधिक गोष्ट संपलेली असते. सुरुवात मेहकरसारख्या गावातल्या एखाद्या घरात करावी लागेल. समजा, बाळंतपण होऊन महिना झाला. झोप उडाली. डोळ्याला पाणी खळत नाही. पोर रडलं तर ही भिंतीकडे बघत बसते. शेजारीण दारातूनच म्हणते, "काहीतरी बाहेरचं दिसते बाई." सासू म्हणते, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" नवरा काहीच म्हणत नाही. इथं गेम थांबतो आणि विचारतो, पुढं काय?

आपल्या गेममध्ये पुढची पायरी बहुतेक वेळा ठरलेली. कुणीतरी सैलानीला घेऊन जा म्हणणार. चिखलीच्या पुढं पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा. हिंदू, मुसलमान सगळे जातात. होळीच्या सुमारास तिथं मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. दूरदूरच्या राज्यांतून माणसं येतात, आणि बाधा झाली म्हणून आणलेली माणसंही येतात. केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्यात. श्रद्धेबद्दल मला वाईट बोलायचं नाही. कुणाला तिथं बसून मनाला निवांत वाटत असेल तर ती गोष्ट लहान नाही. शिवाय कुठल्याच डॉक्टरच्या दवाखान्यात तुमचं म्हणणं तासभर ऐकून घेत नाहीत, हेही खरं. पण निवांत बसणं वेगळं आणि दोरीनं बांधून ठेवणं वेगळं. भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला दोरीनं-साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याच्या आसपासच्या झोपड्यांत मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. साखळ्या तोडून पळता येईना. २८ माणसं जळून गेली. ती बातमी वाचलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणी असतील. आपण हळहळलो आणि पान उलटलं.

गेमची तिसरी पायरी डॉक्टर. ती पहिली असायला हवी होती, पण असो. २०१५ साली शेतकरी आत्महत्या झालेल्या चौदा जिल्ह्यांसाठी सरकारनं 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला बुलडाणा होता. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात. फोनवर बोलायचं तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा नंबर २०२२ पासून आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. बाळंतिणीची ती उदासी औषधानं, झोपेनं आणि घरच्यांच्या आधारानं बरी होते. तिला नागपूरला न्यायची वेळच येत नाही. आली तरी ते औषधोपचाराचं ठिकाण आहे, शिक्षेचं नव्हे. भूल देऊन दिलेला विजेचा उपचारही काही आजारांत गुण देतो. सिनेमात दाखवतात तसं त्यात काही नसतं.

मग भीती कशाची? मला भीती वाटते ती गेमच्या चौथ्या पायरीची. ती बरी होते आणि न्यायला कुणी येत नाही.

नागपूरच्या मनोरुग्णालयात मंजूर खाटा ९४० आहेत, येरवड्याला अडीच हजारांवर. यातल्या कितीतरी खाटांवर उपचार संपलेली माणसं झोपतात. घरच्यांनी दिलेला पत्ताच चुकीचा निघतो, असं या क्षेत्रात काम करणारे सांगतात. पत्ता खरा असला तर दारातून उत्तर येतं, 'आमची कुणी नाही.' पुरुषांचंही असं होतं. पण बायकोला न्यायला नवरा येत नाही आणि नवऱ्याला न्यायला बायको येते, हा फरक आपल्याला काही नवीन नाही. सासर म्हणतं तुमची मुलगी, माहेर म्हणतं तुमची सून. भावाची बायको म्हणते, आमच्या पोरींची लग्नं व्हायची आहेत.

ठाण्याच्या मनोरुग्णालयात एक बाई बरी होऊनही बारा वर्षं राहिली. तिच्या नवऱ्यानं घटस्फोटाची केस केली तेव्हा कुटुंब न्यायालयासमोर ही गोष्ट आली. त्यावरून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि वर्षानुवर्षं आत राहिलेल्या माणसांचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याआधी २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र सरकारला फटकारलं होतं, कारण बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं जात होतं. बारा वर्षं! एवढ्या काळात पहिलीतली पोर बारावी होते.

आणि हे कायद्याविरुद्ध आहे, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, २०१८ पासून लागू आहे. मी तो वाचायला घेतला तेव्हा कंटाळवाण्या कलमांची तयारी ठेवली होती. पण वाचता वाचता मी थबकत गेले. त्यात लिहिलंय, रुग्णाचे केस जबरदस्तीनं भादरायचे नाहीत. स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यायचे. बाईला पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू द्यायच्या. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर एरवी त्याला आईपासून तोडायचं नाही. साखळी कुठल्याही प्रकारे नाही. घरचे नाहीत किंवा घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणानं कुणाला आत ठेवायचं नाही. आणि पत्र पाठवायचा, पत्र घ्यायचा, फोन करायचा, भेटायला आलेल्याला भेटायचा किंवा नको म्हणायचा हक्क रुग्णाचा.

पत्र पाठवायचा हक्क! हे कलम वाचताना वोल्तेर्राच्या फाइली डोळ्यांसमोर आल्या. कायदा करणाऱ्यांना त्या आठवल्या होत्या की नाही कोण जाणे. पण केस भादरू नका, असं कायद्यात लिहावं लागतं याचा अर्थ ते भादरले जात होते. पाळीच्या वस्तू द्या असं लिहावं लागतं, याचा अर्थ आपल्याला कळतो, पुरुषांना समजावून सांगावा लागेल.

आणखी दोन गोष्टी याच कायद्यातल्या, या मात्र कात्रण करून ठेवाव्यात अशा. स्त्रीला तिच्या इच्छेविना भरती केलं तर तीन दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि भरतीविरुद्ध त्या मंडळाकडे दाद मागता येते. दुसरी गोष्ट, आजारपणात आपल्या वतीनं कुणी बोलावं हे आपण धडधाकट असताना ठरवून ठेवू शकतो. साध्या कागदावर लिहायचं, सही करायची किंवा अंगठा द्यायचा. तो माणूस नवराच असायला हवा असं काही नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते. त्या व्यक्तीची लेखी संमती मात्र हवी. आपल्याकडे पोथ्यापुराणं लिहून काढणाऱ्या बायका आहेत, बचत गटाचं हिशेबाचं वहीकाम करणाऱ्या आहेत. हा एक कागद लिहायला किती वेळ लागतो?

कोर्टकचेरीचंही थोडं सांगते, कारण 'वेडी आहे' हे वाक्य तिथंच सगळ्यात महाग पडतं. मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण हिंदू विवाह कायद्यात आहे. पण नुसती चिठ्ठी दाखवून भागत नाही. आजार असा आणि इतका असावा लागतो की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. नवऱ्यानं कोर्टात बायको मनोरुग्ण असल्याचा पुरावा आणला आणि तिनं तो नाकारला, तर कोर्टानं ते प्रकरण त्याच मंडळाकडे पाठवायचं असतं. वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. झोपेच्या गोळीची एक चिठ्ठी घेऊन सुनेला माहेरी पाठवणारी घरं आहेत. त्या घरांना हे ठाऊक असलेलं आवडणार नाही. न आवडो.

सगळी घरं अशी नसतात, हेही खरं. कर्जतच्या 'श्रद्धा' संस्थेचे डॉ. भरत वाटवानी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून देशभर त्यांच्या घरी पोचवतात. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हरवलेलं माणूस वर्षांनी दारात उभं राहिलं म्हणून गळ्यात पडून रडणारे आईबाप त्यांच्या कामात भेटतात. आपल्याच जिल्ह्यात, चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला नंदकुमार आणि आरती पालवे या नवरा-बायकोनं 'सेवा संकल्प' उभा केला. रस्त्यावर सापडलेल्या, अंगावर धड कपडा नसलेल्या माणसांना आणून आंघोळ घालण्यापासून सुरुवात. सैलानी आणि पळसखेड, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली गावं. पहिल्याची वाट सगळ्यांना पाठ आहे.

म्हणून मी म्हणते, आपल्याकडच्या त्या गेममध्ये आपण रेने व्हायला नको. रेने होऊन रडणं सोपं आहे. आपल्याला दिली पाहिजे ती दारात उभी राहिलेल्या शेजारणीची भूमिका. सासूची. भावजयीची. 'बाहेरचं दिसते' म्हणायचं की 'चल, मी येते डॉक्टरकडे' म्हणायचं, हे बटण आपल्या हातात असतं. तिच्याबद्दल तिचा नवरा काय सांगतो, सासू काय सांगते, हे आपण ऐकतो आणि चार घरी पोचवतो. ती स्वतः काय सांगते? तिला वेगळं बसवून, चहाचा कप हातात देऊन कुणी विचारलं का, की बाई, तुला काय होतंय? वोल्तेर्राच्या फाइलीत तिचं पत्र होतं आणि त्याच्यावर डॉक्टरची नोंद होती. नोंद वाचली गेली, पत्र वाचलं गेलं नाही. आपल्या गल्लीत यापेक्षा वेगळं काही चालत नाही.

पूर्वी म्हणायचे, नागपूर लांब, तिकीट, मुक्काम, कोण जातं भेटायला. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि मेहकरहून नागपूर काही तासांवर आलं. लग्नाला जाऊन रात्री परत येणारी माणसं आहेत. ज्यांचं कुणी आत आहे त्यांनी एक फेरी तिकडेही मारावी. जाताना तिची एखादी नेहमीची साडी न्यावी. पोरांचे फोटो न्यावेत, आणि बोलायला कितीही जड गेलं तरी तिच्या डॉक्टरला विचारावं, की ही घरी कधी येऊ शकते? फोन तर घरबसल्या करता येतो.

आणि ती परत आलीच, तर पुढं आपल्या गल्लीचं काम. औषधं वेळेवर घेतेस ना, हे दिवसातून दहा जणींनी विचारायची गरज नाही, घरातलं एकजण पुरे. चाकू-विळी लपवून ठेवल्याचं तिच्या लक्षात येतं. तिच्या हातचा चहा घ्यावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला आमंत्रण द्यावं, आणि ती आली की सगळ्यांनी एकदम गप्प होऊ नये. तीळगूळ देताना काय बोलावं सुचत नसेल तर यंदा तिळाचा भाव काय झालाय, हे बोललं तरी चालतं.